थुंकी आणि बेडका

मराठीत थुंकी आणि बेडका हे दोन निराळे शब्द आहेत, याबद्दल मी पूर्वजांचा ऋणी आहे. सास्तूर हे नाव शहरी वाचकांना १९९३ च्या भूकंपामुळे ठाऊक असेल. तिथे दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बसून या दोन शब्दांतला फरक समजावण्यातच माझा निम्मा दिवस जातो. चकलीच्या ताटाशेजारी हा विषय नको, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे!

तपासणी दिसायला सोपी. बेडक्याचा घट्ट, पिवळसर भाग काडीने उचलून काचेवर पसरायचा. थर असा पातळ, की वाळल्यावर त्यातून वर्तमानपत्राची अक्षरे वाचता यावीत. मग काच ज्योतीवरून चार-पाचदा फिरवायची, लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत तापवायचा (उकळू मात्र द्यायचा नाही), आम्लाने धुवायचे आणि वर निळा रंग द्यायचा. क्षयजंतूचे अंग मेणचट. एकदा चढलेला लाल रंग तो आम्लालाही दाद देत नाही. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू बर्लिनमध्ये १८८२ साली दाखवला. त्याच वर्षी रंगवण्याची रीत सुधारणाऱ्या पाउल एर्लिख यांना पुढे स्वतःच्याच बेडक्यात तो सापडला!

पण काचेवर नुसती लाळ असेल तर? मग गालाच्या आतल्या चपट्या पेशी तेवढ्या दिसतात. ‘जंतू नाहीत’ असे लिहून आपण रोग्याला खोटा धीर देतो. आता नवी यंत्रे आली. पण त्यांनाही बेडकाच लागतो.

एकदा एक तरुण सून सासऱ्यांबरोबर आली. डबीत पाण्यासारखी लाळ.

“बाई, छातीतून खोकून काढा.”

“मामंजींपुढं कसं खाकरू, भाऊ?” ती पुटपुटली.

मामंजींना मी चहाला पिटाळले. तिला मागच्या मोकळ्या अंगणात नेले, चूळ भरायला लावली, दोनदा खोल श्वास घेऊन खोकायला सांगितले आणि पाठ फिरवून उभा राहिलो. दुसरी डबी पहाटेच्या नमुन्यासाठी दिली.

दोन्ही काचांवर निळ्यात लाल काड्या होत्या. औषधाचे सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले,

“लेक माझ्याच कुशीत निजती. तिचंबी बघावं लागंल का?”

“आजच घेऊन या,” मी म्हटले.