पंच कुठे उभा होता?

१/ एखाद्या प्रत्यक्षदर्शीची साक्ष हाती आली की आपण इतिहासप्रेमी लगेच विचारतो : हा माणूस कोणाच्या बाजूचा? पदव्युत्तर अभ्यास करताना माझ्या मनात त्याआधीचा एक प्रश्न घर करून बसला आहे : तो उभा कुठे होता? हा प्रश्न मला बेसबॉलमधील एका निर्णयाने शिकवला. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी खेळाची थोडी ओळख. फलंदाज जमिनीलगत चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावतो. क्षेत्ररक्षक तो चेंडू बेसवर पाय टेकवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे फेकतो. चेंडू आधी पोहोचला तर फलंदाज बाद, पाय आधी पडला तर सुरक्षित. हा फरक अनेकदा पापणी लवण्याइतकाही नसतो.

३/ पाय पडतो जमिनीवर, चेंडू येतो छातीच्या उंचीवर. नजर एका क्षणी दोन्हीकडे रोखता येत नाही. म्हणून पंचांनी कामाची वाटणी केली : डोळे बेसवर, कान ग्लव्हकडे. चेंडू ग्लव्हमध्ये आदळल्याचा आवाज ऐकायचा आणि त्या क्षणी पाय कुठे आहे ते पाहायचे.

४/ यासाठी पंच बेसला खेटून उभा राहत नाही. तो साधारण १५ ते १८ फूट अंतर राखतो आणि फेकीच्या रेषेशी जवळपास काटकोन साधतो. धावपटूला चेंडू लावून बाद करायचे असेल तेव्हा तो थोडा पुढे सरकतो. तेथेही ग्लव्ह आणि धावपटूचे अंग यांमधली फट दिसेल अशी बाजू पकडणे हेच मुख्य.

५/ २६ ऑक्टोबर १९८५, कॅन्सस सिटी. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. सेंट लुइस कार्डिनल्स मालिकेत ३-२ आणि सामन्यात १-० असे पुढे. नवव्या डावात रॉयल्सच्या जॉर्ज ओर्टाने टोलवलेला चेंडू जॅक क्लार्कने अडवला आणि बेसकडे धावत आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे फेकला. पंच डॉन डेंकिंगर यांचा निर्णय : सुरक्षित. चित्रफितीत मात्र ओर्टा स्पष्ट बाद दिसत होता.

६/ डेंकिंगर यांनी पुढे सांगितले की ते बेसच्या फार जवळ होते. वॉरेल उंच, झेलही उंच. प्रेक्षकांच्या गदारोळात चेंडूचा आवाज ऐकू येणे अशक्य, म्हणून त्यांनी नजर ग्लव्हकडे उचलली. ती खाली येईपर्यंत ओर्टाचा पाय बेसवर पडलेला होता.

७/ रॉयल्सनी तो सामना २-१ असा आणि दुसऱ्या दिवशीचा सातवा ११-० असा जिंकला. डेंकिंगर यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ओर्टा स्वतः त्याच डावात पुढे तिसऱ्या बेसवर बाद झाला, त्याची धाव लागलीच नाही, हे संतापाच्या भरात कोणाला आठवले नाही. एका माणसाच्या आयुष्याला एक निर्णय कायमचा चिकटला.

८/ क्रिकेटने यावर उपाय आधी शोधला. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाच्या निर्णयाने धावबाद झाला. असा बाद होणारा तो पहिला फलंदाज. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २००८ मध्ये चित्रफितीचा आधार फक्त होमरनच्या वादांपुरता स्वीकारला. बेसवरच्या निर्णयांसाठी २०१४ उजाडावे लागले. तेथेही एका कॅमेऱ्यावर भागत नाही. प्रत्येक कोन काही दाखवतो, काही झाकतो.

९/ आपल्या साधनांचेही असेच आहे. सेनापतीशेजारी घोड्यावर असलेल्याला धुळीपलीकडची फळी दिसत नाही, दूर टेकडीवरच्याला हुकूम ऐकू येत नाहीत. दोघेही प्रामाणिक असू शकतात आणि तरीही त्यांची वर्णने जुळणार नाहीत. माझ्या टिपणवहीत आता प्रत्येक साक्षीपुढे दोन नोंदी असतात : लेखक कुठे होता, आणि तेथून त्याला काय दिसणे शक्यच नव्हते.

१०/ पक्षपात असतो, तो तपासलाच पाहिजे. परंतु पुढच्या वेळी एखाद्या बखरकाराला आपण येथे खोटारडा ठरवू लागलो, तर त्याआधी त्याच्या पायाखालची जागा एकदा पाहूया. प्रसंगाच्या अगदी जवळ असणे आणि तो नीट दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.