चप्पल लाइनीतील पारख

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन आटोपले, की आपली पावले आपसूक चप्पल लाइनीकडे वळतात. तेथे घाई करू नये. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण आणि तळात एकही खिळा नसणे, ही अस्सल जोडाची खूण. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकनही लाभले.

खरेदी सायंकाळी करावी. दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते. अंगठा व कान बोचत नाहीत ना, हे दोन्ही पायांत घालून, चालून पाहावे. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली असेल, तर मात्र हा मोह टाळावा. न जाणवलेली जखमच घातक ठरते. इतरांनी पावसापासून जपल्यास हा जोड वर्षानुवर्षे साथ देतो.