कोंडी सुटेपर्यंत

शीळफाट्याला जायचं म्हणून कुणी घरातून निघत नाही. डोंबिवलीहून निघालेल्याला महापे गाठायचं असतं, ठाण्याहून आलेल्याला पनवेल. जेएनपीटीहून कंटेनर घेऊन निघालेला ड्रायव्हर कळंबोली, तळोजा मागे टाकून मुंब्रा बायपासला लागायच्या आणि भिवंडीच्या गोदामांत एकदाचा माल उतरवायच्या घाईत असतो. फाटा कुणालाच नको असतो, पण तो सगळ्यांच्या वाटेत आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या मध्यावर आता तळोज्याला जाणाऱ्या मेट्रोचं काम चालू आहे. बीकेसीहून निघून ठाण्याच्या खाडीखालून येणारा बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदाही शीळफाट्यालाच उजेडात येतो. पुढंमागं त्यातून गाडी सुसाट सुटेल. वरच्या रस्त्यावर मात्र आमची कंपनीची बस उभी असते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, आणि त्या एका आवाजाच्या थांबण्यावरून जुनेजाणते ओळखतात की आज बराच वेळ आहे.

मी सिगारेट कॉलेजात शिकलो, पण ती अंगात मुरली ती या फाट्यावर. इंजिन बंद झालं की आम्ही तिघं-चौघं खाली उतरायचो. रस्त्याकडेला टपरी. तिच्या खांबाला पूर्वी एक सुतळी बांधलेली असायची, टोकाशी धुमसणारी. माचिस मागायची गरज नाही, मान वाकवून पेटवायची. पुढं सुतळी जाऊन दोरीला टांगलेला लायटर आला. एक कटिंग, एक सुट्टी सिगारेट. सिगारेट जळायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि तेवढी पाच-सात मिनिटं कोंडी आमच्यावर लादलेली नसायची. आम्हीच थांबलेलो असायचो, आमच्या मर्जीनं. हातात पेटलेली कांडी असली की माणूस ताटकळत नाही, तो ‘सिगारेट ओढत असतो’. रिकामा उभा राहिलेला माणूस लोकांना संशयास्पद वाटतो, आणि स्वतःला तर त्याहून जास्त. धुराची चटक वगैरे नंतरच्या गोष्टी. मला वाटतं, मी इतकी वर्षं त्या कांडीकडून मुख्यतः थांबायची परवानगी विकत घेत होतो.

देव आनंदच्या ‘हम दोनो’त (1961) लायटर उघडला की जयदेवनं बांधलेली धून वाजायची. आमच्या पिढीनं तो सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि ऐटीचा धडा तिथं गिरवला. फाट्यावर धून बिन काही नसायची, मागच्या ट्रेलरचा हॉर्न असायचा. तरी ऐट तीच.

मग जागा आक्रसत गेल्या. मुंबईचे मुरली देवरा सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, 2001 च्या नोव्हेंबरात कोर्टानं बंदीचा आदेश दिला. 2003 चा कायदा आला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून ऑफिसं, हॉटेलं, स्टेशनं सगळीकडे पाट्या लागल्या, दोनशे रुपयांपर्यंत दंड. टेबलांवरचे ॲशट्रे कपाटात गेले, काहींत पुढं टाचण्या ठेवल्या गेल्या. घरात मी आधी हॉलमधून बाल्कनीत गेलो. वरच्या मजल्यावरच्या आजींनी खोकून खोकून निषेध नोंदवल्यावर बाल्कनीही गेली. उरला शीळफाटा. तिथल्या धुराळ्यात कोण कुणाचा धूर ओळखणार.

सुट्ट्या सिगारेटीबद्दल थोडं सांगायला हवं. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रानं सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी घातली. कारण सरळ होतं. एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा आणि ते भयंकर चित्र छापावं लागतं, पण जो एकेक विकत घेतो त्याच्या हाती पाकीट येतच नाही. चित्र पाहतो फक्त टपरीवाला. शिवाय सगळं पाकीट घ्यायचं तर नोटा मोजाव्या लागतात आणि आपण रोज किती उडवतो ते कळतं. सुट्टीचा हिशेब चहाच्या पैशांत मिसळून जातो. ‘मी काय, एखाद-दुसरी ओढतो’ असं म्हणणारा माणूस बहुतेक सुट्टीवाला असतो. आमच्या टपरीवर बंदीची बातमी आली, चार दिवस पाकिटं फळीखाली गेली आणि पाचव्या दिवशी पुन्हा वर आली. या कायद्यातली अक्कल मला पटते. अंमलबजावणीबद्दल बोलायचं तर फाट्यावर लेनची शिस्तही कायद्यातच आहे.

एकदा पावसात टपरी बंद होती म्हणून मी दुकानातून पूर्ण पाकीट घेतलं. बस हलत नव्हती, वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पाकीट वाचलं. चित्राखाली एक नंबर होता, 1800-11-2356. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन, 2018 पासून पाकिटावर छापतात. मला त्यावर हसू आलं होतं. ज्यानं विष विकलं त्याच्याच वेष्टनावर वैद्याचा पत्ता! पुढं ज्या दिवशी फोन लावला, त्या दिवशी पलीकडून एका बाईंनी मराठीत, अगदी घरगुती आवाजात विचारलं, “सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता?” किती ओढता, कधीपासून, हे प्रश्न मला अपेक्षित होते, हा नव्हता. पण निकोटीनच्या गुलामीची मोजपट्टी तीच. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, आणि रक्तातलं साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते ओसरतं आणि सकाळी शरीर वसुलीला उभं राहतं. डोंबिवली ते महापे, कोंडी धरून, माझा प्रवासही साधारण दोन तासांचाच. घरून निघताना एक, फाट्यावर दुसरी. ते वेळापत्रक मी ठरवलंय असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

सोडल्यावरचे पहिले तीन दिवस वाईट. हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे, सर्वांत जास्त ओढ तेव्हाच असते. पुढं दोन-चार आठवडे चिडचिड, झोपेची वाट आणि नको तेवढी भूक. बायकोनं या काळात मला ज्या शांतपणे सोसलं त्याचा बदला ती कधीतरी घेईल. केमिस्टकडे दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगगम मिळालं. ते सतत चघळायचं नसतं. थोडं चावायचं, जिभेला मिरमिरलं की गालात दाबून ठेवायचं. चव अशी की त्यापेक्षा तलफ परवडली.

पण त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला उपयोगी पडली. तलफेचा झटका फार तर तीन ते पाच मिनिटं टिकतो. पेटवा न पेटवा, तो ओसरतोच. हे कळायला वर्षं का लागावीत? कारण मी त्याला कधी ओसरू दिलंच नव्हतं, दरवेळी मधेच शांत केलं होतं. डोंबिवलीकराला हे नीट समजेल. आपली स्लो लोकल प्लॅटफॉर्मला उभी असते आणि शेजारून फास्ट धडधडत जाते. सगळा डबा थरथरतो, वाटतं आपणच निघालो. ती गेल्यावर कळतं की आपण होतो तिथंच आहोत. फाट्यावर मी बसमध्येच बसून ती पाच मिनिटं जाऊ द्यायला लागलो. खिडकीबाहेर तेच ट्रक, तेच वॉर्डन, त्यांच्या शिट्ट्या. रिकामे हात कुठं ठेवायचे हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. मी ते मांडीखाली ठेवले.

“इथल्या हवेत सिगारेट सोडून काय फरक पडणार?” हा प्रश्न मला आमच्या बसमध्ये जवळजवळ प्रत्येकानं विचारला. विचारणारे ओढणारेच. डिझेलचा धूर, रस्त्याच्या कामाची धूळ, सिमेंटचे मिक्सर. प्रश्न बिनतोड वाटतो. पण कार्बन मोनॉक्साइडला रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, आणि तो ट्रकच्या सायलेन्सरमधून येवो की सिगारेटमधून, जागा अडवतो ती ऑक्सिजनचीच. सिगारेट थांबवली की दिवस-दोन दिवसांत रक्तातला तिचा वाटा निघून जातो. फाट्याची हवा वाईट आहे म्हणून तर वरचा बोजा नको. रस्त्यावरच्या धुरावर माझी सत्ता नाही. हे एवढं मी एकदा समजावून सांगितलं, तर मागच्या सीटवरून उत्तर आलं, “साहेब फारच वाचायला लागलेत.”

त्यांनीच मग मला तंबाखूची पुडी पुढं केली. सिगारेट सुटलेल्याला महाराष्ट्रात सर्वांत मोठा धोका याचाच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, आणि तंबाखू खाणारे, लावणारे 24.4 टक्के. आम्ही ओढणारे स्वतःला उगाच बहुसंख्य समजतो. फाट्यावर उभ्या ट्रकांच्या केबिनमध्ये पाहा, तळहातावर अंगठा फिरतोय, चुना, चिमूट, दोन टाळ्या. संगमनेरची गाय छाप कुणाच्या खिशात नाही? गुटखा तर जुलै 2012 पासून बंद आहे, त्याच्या पुड्या दुभाजकाच्या मातीत सापडतात. आणि आसपासच्या गावांतल्या आमच्या म्हाताऱ्या बायका, ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, त्या सकाळी तव्यावर मशेरी भाजतात. माझी आजीही भाजायची. तो खमंग, डोळे चुरचुरवणारा वास मला अजून माजघरात नेऊन बसवतो. तिनं मला सिगारेटवरून जे फैलावर घेतलं होतं, ते मशेरीचं बोट तोंडात ठेवून. घरात कुणालाच त्यात विसंगती दिसली नाही. पुडी मी परत केली. देणाऱ्याला वाईट वाटलं, कारण त्याच्या लेखी तो मदत करत होता.

संशोधक रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींची नोंद पन्नास वर्षं ठेवली. 2004 साली निष्कर्ष छापला. तिशीत सोडणाऱ्याला ओढत राहणाऱ्यापेक्षा साधारण दहा वर्षं जास्त मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. माझ्या वाट्याला सहाच्या आसपास. त्यातली किती कल्याण-शीळ रस्त्यावर जातील, याचा हिशेब मी घरी मांडला तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, बदली मागा.”

नाक परत येतं, असं सांगतात. आलं. पण ते शीळफाट्यावर परत यावं हा वरदानाचा प्रकार शंकास्पद आहे. पहिल्या पावसात डोंगराकडून येणारा ओल्या मातीचा वास मला कितीतरी वर्षांनी मिळाला, भज्यांच्या कढईतलं तेल किती दिवसांचं आहे हेही कळू लागलं, आणि दिवा गावाकडून वारा फिरला की जो वास येतो त्याबद्दल न बोललेलं बरं. तरी चहात आलं घातलंय की नुसता मसाला, हे घोटाच्या आधी समजतं. टपरीवाल्याला ते आवडलेलं नाही. “पहिले तो साहेब कुछ भी पी लेते थे.”

तलफ गेली म्हणणार नाही. इंजिन बंद झाल्याचा आवाज आला की अजून बोटं हलतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या सीटवरचा नवा मुलगा म्हणाला, “काका, खाली येताय? आज काही हलत नाही.” उतरलो. त्यानं लायटरची दोरी ओढून पेटवली, मी कटिंग घेतला. “तुम्ही सोडलीत म्हणे. कशी सोडली?” त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून मी जरा नीट सांगायला सुरुवात केली. सकाळच्या पहिल्या सिगारेटीपर्यंत आलो असेन, तेवढ्यात पुढचा कंटेनर सरकला आणि आमच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. दोघंही पळालो. मी आधी चढलो. तो अजून खालीच, हातात अर्धी उरलेली.