नवे गोंदण जपा

१९८४ साली जत्रेत मी मनगटावर आईचे नाव गोंदून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी शेण काढायला गेलो. हात पिकला. खाज सुटली म्हणून खपली नखाने काढली. एक अक्षर कायमचे पुसट झाले. आई आता नाही.

तुमच्या मुलांनी गोंदून घेतले, तर सुई नवीच हवी. वापरलेल्या सुईने ब-कावीळ, एड्ससारखे रोग जडतात. गोंदण दिवसातून दोनदा साध्या साबणाने, स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा. हळद, राख लावू नका. दोन-तीन आठवडे विहिरीत पोहणे, गोठा, फवारणी टाळा. खपली आपोआप गळू द्या. पू झाला, ताप आला, तर दवाखाना गाठा.

संत्र्याचा डोळा भरल्यावर तो जुळेपर्यंत आपण जपतोच ना? कातडीही तशीच जपा.