आंबा घाट उतरताना : जुनी गाडी, जड ओझे आणि घरातली वडीलधारी

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता बांबवडे, मलकापूर ही गावे मागे टाकीत आंब्यापर्यंत येतो, तोवर सह्याद्रीची फारशी जाणीव होत नाही. आंबा गाव ओलांडले की मात्र जमीन एकाएकी पायांखालून सरते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधून वळणे घेत साखरप्यापर्यंत उतरत जाणारी वाट. चढण अवघड आणि उतरण सोपी, असे आपण धरून चालतो. जुनी गाडी, जड सामान आणि सोबत वयोवृद्ध माणूस असेल, तर हा समज घाटात खोटा ठरतो.

आमच्या घरी तो खोटा ठरला. जुन्या मिनीबसची मागची आसने काढून आम्ही तिचे फिरते घर केले होते : एक पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. ब्याऐंशी वर्षांच्या आईला रत्नागिरीच्या घरी न्यायचे होते. आईबरोबर तिचा संसारही निघाला. टपावर लोखंडी ट्रंका, शिसवी कपाट, पाटा-वरवंटा आणि तिच्या सासूबाईंचे जाते. ओझे फार होते हे दिसत होते. पण जात्याला नाही म्हणायचे कोणी?

घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर जळका वास आला. ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागू लागले. सुदैवाने पुढेच रस्ता रुंद होता. गाडी कशीबशी कडेला घेतली. तिथे थांबलेल्या एका वयस्क ट्रकचालकाने चाकांकडे पाहिले आणि म्हटले, "दादा, ज्या गिअरात चढता, त्याच गिअरात उतरा. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नव्हे." मग आईकडे वळून तो म्हणाला, "आजी, अर्धा तास बसा निवांत. गाडीला दम खाऊ द्या."

त्याच्या बोलण्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. तीन टन वजनाची गाडी पाचशे मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा चाळीस लिटरांहून अधिक पाणी उकळायला पुरेल इतकी असते. ही सारी उष्णता ब्रेकच्या माथी मारली, तर ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या तेलाचा उत्कलनबिंदू त्यामुळे खाली येतो, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. खालच्या गिअरात मात्र इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा. उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारे साहाय्यही थांबते. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ती आपोआप निवू द्यावीत. वर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा घाटातला नियमही विसरू नये.

निघण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. नोंदणीपत्रावर गाडीचे कमाल एकूण वजन लिहिलेले असते. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन त्या आकड्याशी ताडून पाहावी. ब्रेकचे तेल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलून घ्यावे. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते. आणि जड वस्तू टपावर न ठेवता गाडीच्या तळाशी, चाकांच्या मधोमध बांधाव्यात. वरचे ओझे वळणावर गाडी कलंडवते.

आता गाडीत बसलेल्या माणसाविषयी. फिरत्या घरात पलंग आहे म्हणून चालत्या गाडीत वृद्धांना त्यावर निजवू नये. आसनावर, पट्टा लावूनच बसवावे. ऑक्सिजनचा सिलिंडर, चाकांची खुर्ची, पाण्याचे कॅन घट्ट बांधावेत. जोराचा ब्रेक लागला की सुटी वस्तू अंगावर येते. मळमळ होत असेल तर पुढच्या आसनावर बसवून नजर दूरवर ठेवायला सांगावी, आणि निघताना पोट भरून जेवण न देता हलका आहार द्यावा. मळमळीच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते. म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. उतरताना कानात दडे बसतात. घोट घोट पाणी गिळल्याने ते सुटतात. लघवीच्या भीतीने पाणी पिणे मात्र तोडू देऊ नये. त्यापेक्षा थांबे वाढवावेत. तास-दीड तासाने उतरून चार पावले चालवावे. ते शक्य नसेल तर बसल्या जागी पावले वर-खाली हलवायला सांगावे, म्हणजे पायांतला रक्तप्रवाह मंदावत नाही. रोजची औषधे टपावरच्या ट्रंकेत नव्हे, हाताशी असावीत. शक्यतो उजेडी प्रवास करावा. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांचा भरवसा नसतो.

त्या दिवशी अर्ध्या तासाऐवजी आम्ही तासभर थांबलो. आई दरीकडे पाहत बसली होती. मग शांतपणे म्हणाली, "अरे, तिथं दळणार कोण आता? जातं मागाहून येऊ दे." जे बोलायला आम्ही कचरत होतो, ते तिनेच बोलून टाकले. आंब्यातून एक रिकामा टेम्पो बोलावून टपावरचे सामान त्यात चढवले, आणि हलकी झालेली गाडी दुसऱ्या गिअरात, चालत्या माणसाला संकोच वाटेल अशा गतीने, साखरप्याला उतरली.

ओझे वाटून देण्यात कमीपणा नाही. कोकण रेल्वेवर 1999पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून नेले जातात. सामान घेऊन घाट ओलांडणारे ट्रकही स्वतः ओझे होऊन रुळांवरून जातात, मग आपण कपाट-जाते वाहतूकदाराच्या हवाली करायला का संकोचावे?

नाणीज, पाली, हातखंबा करीत आम्ही रत्नागिरीत पोहोचलो तेव्हा मांडवीच्या समुद्रावर सूर्य टेकला होता. ठरल्यापेक्षा तीन तास उशीर झाला होता. आई न दमता, स्वतःच्या पायांनी पायरी चढली. जाते दोन दिवसांनी आले. ते आता तुळशीजवळ आहे आणि सकाळच्या उन्हात आई त्यावर हात टेकून उभी राहते. आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन घाट उतराल, तेव्हा पोहोचण्याची वेळ कुणाला कळवू नका. निघालो आहोत, सावकाश येऊ, एवढेच सांगा.