पाण्याच्या माथ्यावरची बाग

हार्बरची लोकल सँडहर्स्ट रोड सोडून डॉकयार्ड रोडला लागते, तेव्हा डब्यातल्या बहुतेकांच्या माना मोबाइलमध्ये गेलेल्या असतात. एखाद्याने मान वर केलीच, तर स्टेशनाच्या अगदी अंगाशी आलेला एक हिरवा उंचवटा त्याला दिसतो. ही माझगावची भंडारवाडा टेकडी. माथ्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. वर्षानुवर्षं या लाइनीने ये-जा करणाऱ्यांतही ती चढण एकदाही न चढलेले पुष्कळ सापडतील.

चढण दमवते, पण लांब नाही. खालचे हॉर्न, फेरीवाल्यांची हाळी, ट्रकच्या ब्रेकची करकर एकेक करून मागे पडत जातात आणि वर पोचेपर्यंत त्यांची नुसती कुजबुज उरते. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनसारखी इथे पर्यटकांच्या बसगाड्यांची रांग लागत नाही. सकाळी फेऱ्या मारणारे निवृत्त लोक असतात. दुपारी झाडाखालच्या बाकांवर पुस्तकं उघडून बसलेली पोरं दिसतात. आठ माणसांच्या एका खोलीत अभ्यासाला कोपरा मिळत नाही, तो त्यांना इथे मिळतो. संध्याकाळी डबा हातात घेऊनच कुणी टेकायला येतं.

या माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपल्या पायाखाली पाणी आहे?

1880 च्या दशकात या टेकडीच्या पोटात शहरासाठी जलाशय बांधला गेला आणि त्याच्या माथ्यावर बाग फुलली. मलबार हिलचा जलाशयही त्याच सुमाराचा, तिथली बागही तशीच टाकीच्या डोक्यावर. कारण अगदी साधं. पाण्याला उंचीवर नेऊन ठेवलं की पुढे ते आपल्याच वजनाने उतरतं आणि नळाला दाब मिळतो. टाकीवर झाकण तर हवंच, पण त्या झाकणावर इमारत चढवणं परवडणारं नव्हतं. माती पसरून हिरवळ लावणं परवडत होतं. म्हणजे बाग ही टाकीची गच्ची. आजही डोंगरी, माझगाव, कुलाबा या भागांची तहान भागवण्यात भंडारवाड्याचा वाटा मोठा आहे. जलाशयाच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार अशी बातमी पेपरात आली, की या वस्त्यांमध्ये आदल्या रात्री पिंप भरून ठेवायची धांदल उडते.

बांधकामाला फुटाफुटाचा हिशेब लावणाऱ्या शहरात एवढी मोकळी जागा वाचली कशी, याचं उत्तर त्या पाण्यात आहे. निसर्गप्रेमाला इथे फारसं श्रेय नाही. पाणीखात्याला टाकी हवी होती, म्हणून आकाश उघडं राहिलं.

पाण्याआधी इथे तोफा होत्या. इंग्रजांनी 1680 च्या सुमारास या टेकडीवर छोटा किल्ला बांधला. बंदरावर नजर ठेवायला याहून सोयीची जागा नव्हती. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला आणि माझगावात ठाण मांडून बसला. तडजोड होऊन जून 1690 मध्ये तो परतला, पण जाताना किल्ला उद्ध्वस्त करून गेला. त्याचा एखादा बुरूज शोधत बागेत फिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

बागेला ज्यांचं नाव आहे ते काका बाप्टिस्टा याच माझगावचे. 1864 चा जन्म, पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण, मग केंब्रिज आणि बॅरिस्टरी. मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातला हा माणूस टिळकांच्या अगदी जवळचा झाला आणि 1916 मध्ये होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष झाला. पुढे गिरणी कामगार, टपाल कामगार यांच्या संघटना बांधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. 1925 मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी 3 फेब्रुवारीला देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती हार्बर मार्गानेच. टेकडीच्या पायथ्याशी आज दर काही मिनिटांनी खडखडत जाते ती त्याच मार्गावरची लोकल. वरून तिचं छत तेवढं दिसतं, आणि दारात लटकलेल्यांचे वाऱ्याने फुगलेले शर्ट.

पूर्वेच्या कठड्याशी उभं राहिलं की मुंबई पाठ फिरवून बसलेली दिसते. मरीन ड्राइव्ह हा तिचा सजवलेला चेहरा. इथून दिसते ती तिची काम करणारी बाजू: गोदामांची गंजलेली पन्हाळी छपरं, क्रेनच्या माना, आणि माझगाव डॉकमध्ये बांधणी चाललेल्या जहाजांचे राखाडी सांगाडे. दुपारी लोखंडावर घण पडल्याचा आवाज वर येतो. तो कानाला पोचतो तेव्हा खाली घण पुन्हा उचललेला असतो.

थोडं दक्षिणेला भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी 1841 च्या आसपास समुद्रात भर टाकून तो बांधला. कोकणातल्या किती चाकरमान्यांनी मुंबईत पहिलं पाऊल टाकलं ते याच धक्क्यावर, बोट लागल्याने पोटात ढवळत असताना आणि हातात ट्रंक धरून.

त्याच्याही पलीकडे व्हिक्टोरिया गोदी. 14 एप्रिल 1944 ला तिथे ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज पेटलं. त्याच्या पोटात स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. स्फोटात शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात होते. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडे न्हावा-शेवाच्या उंच क्रेनही दिसतात. ते बंदर 1989 मध्ये सुरू झालं, मालाचे कंटेनर तिकडे वळले आणि या बाजूच्या गोदीतला राबता ओसरला. बागेत फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्यांत गोदीतून निवृत्त झालेला कुणी भेटलाच, तर कोणत्या धक्क्यावर काय उतरायचं ते तो बोट दाखवून सांगतो: इथे धान्य, तिथे खजूर, पलीकडे लोखंड. आता त्याच जमिनींवर किनारा सुशोभित करण्याचे आराखडे होत असतात. ते आखणाऱ्यांनी एकदा ही चढण चढावी. मुंबईकरांना बसायला मोकळी, फुकट आणि शांत जागा किती लागते, हे त्यांना या बाकांवर दिसेल.

आणि वाचकांनी जायचं तर पावसाळा सरल्यावर, सकाळी लवकर जावं. उन्हं चढली की खाडीवर धुरकं धरतं आणि पैलतीर पुसून जातो. परतताना भाऊच्या धक्क्यावरून मासळी न्यावी असा मोह होईल. पण तिथला लिलाव पहाटेच उरकतो, आणि आधी मासळी घेतली तर सुरमईची पिशवी सांभाळत टेकडी चढावी लागेल. तेव्हा एका दिवशी एकच बेत ठेवा.