आठ केबली आणि एक गुरुजी

स्कूटर ही वस्तू बाहेरून पत्र्याची आणि आतून केबलींची केलेली असते. पत्रा सगळ्यांना दिसतो. त्याला रंग देता येतो, दसऱ्याला हार घालता येतो, लिंबू-मिरची बांधता येते. केबलीला कोणी हळदकुंकू वाहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ती बिचारी हँडलच्या मुंडक्यातून निघते, मानेतून खाली उतरते, पायांखालच्या अंधारातून सरपटत इंजिनाच्या कानाशी पोहोचते आणि जन्मभर एकच निरोप देत राहते : 'वरून ओढलंय हं!'

आमच्या अण्णांच्या चेतकला अशा क्लचची एक, गिअरच्या दोन, ब्रेकच्या दोन आणि अॅक्सिलरेटरची एक अशा सहा केबली. चोकची आणि काटा फिरवणारी धरली तर आठ. अष्टविनायक म्हणायला हरकत नाही, फक्त यांतला एखादा रुसला की यात्रा जागच्या जागी संपते.

ही चेतक १९८६ सालची. पैसे भरले होते १९७९ साली. तेव्हा मी चौथीत होतो. स्कूटर दारात आली तोवर मला मिसरूड फुटलं होतं. त्या काळात माणसं मुलाच्या मुंजीच्या सुमारास स्कूटर नोंदवीत आणि त्याच्या लग्नाच्या सुमारास तिची किल्ली हातात येई. परदेशातला एखादा नातेवाईक डॉलर भरायला तयार असेल तर नंबर लवकर लागे. पण आमचे सगळे नातेवाईक पैठण आणि गेवराईच्या मधल्या टापूतले. अखेर १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला, खुद्द राष्ट्रपती झैलसिंग उद्घाटनाला आले, आणि पुढच्याच वर्षी अण्णांचा नंबर लागला. या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे असं अण्णा आजही मानतात. राष्ट्रपतींना मात्र त्याची कल्पना नसावी.

तेव्हापासून बिडकीन ते शाळा, बिडकीन ते मळा आणि बिडकीन ते औरंगाबाद (शहराचं नाव २०२३ साली बदललं, अण्णांच्या जिभेचं अजून बदलायचं आहे) असा त्या स्कूटरचा संसार चालला होता. पहिली पंधरा वर्षं संपल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नवी करायची आणि अण्णांनी तिला न्हाऊमाखू घालून तपासणीला न्यायचं. मुलगी दाखवायला नेतात तसं. प्रत्येक वेळी ती पसंत पडली.

आणि गेल्या उन्हाळ्यात एक दिवस अण्णांनी किल्ली खुंटीला अडकवली ती काढलीच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात गेला," अण्णा म्हणाले.

चेतकचा डावा हात म्हणजे काय चीज आहे हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. त्यांच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. नुसती मूठ पिळली की झालं. चेतकवर डाव्या हाताने आधी क्लचचा दांडा आवळायचा, आणि तो आवळलेल्या मुठीतच ठेवून सगळं मनगट वर-खाली फिरवत गिअर टाकायचा. चौकात उभं राहिलात की ही कसरत दर पंधरा पावलांना. ब्याऐंशीव्या वर्षी अण्णांच्या मुठीत तो दांडा मावेना झाला होता.

घरात दोन पक्ष पडले. खरं म्हणजे एकच पडला. आमच्या हिने, चिरंजीवांनी आणि शेजारच्या काकूंनी मिळून ठराव केला की झालं हे फार बरं झालं, परस्पर सुटलं. पैठण रस्त्यावर आता काय वाहतूक असते! चितेगावपासून पुढे ट्रक एकमेकांच्या शेपट्या धरून चाललेले असतात. त्यात डोक्याला उपरणं गुंडाळलेला म्हातारा माणूस पाहून आमच्याच छातीत धस्स व्हायचं. मी ठरावाच्या विरोधात नव्हतो. बाजूने बोललोही नाही. कुटुंबप्रमुखाची हीच रीत असते.

मग एका रविवारी स्कूटर सावलीत सरकवताना मी सहज क्लच दाबून पाहिला. दबेना. दुसरा हात लावला तेव्हा कुठे तो कुरकुरत, करकरत बोटभर आत आला आणि सोडल्यावर तिथेच रुसून बसला. छप्पन्न वर्षांच्या धडधाकट माणसाला जिथे दोन हात लागत होते तिथे अण्णांच्या एका हाताचा काय दोष? हात गेला नव्हता, केबल गेली होती.

आता आली का पंचाईत! हे अण्णांना सांगावं, तर म्हातारा पुन्हा हायवेवर. न सांगावं, तर काहीच करायला नको. कडक क्लचने जे काम फुकट चालवलं होतं ते आमच्या साऱ्या घराच्या विनवण्यांनी झालं नसतं. दोन रात्री मी हे पोटात ठेवलं. तिसऱ्या रात्री हिच्या कानावर घातलं. ही कडाडून विरोध करणार या भरवशावरच घातलं.

ही बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सांगून टाका. महिना झाला, अण्णा डाव्या हाताने पंचा पिळत नाहीत. सकाळी तसाच निथळत दोरीवर टाकतात. तांब्यासुद्धा उजव्या हाताने उचलतात. हात गेला म्हटल्यावर त्यांनी खरंच सोडून दिलाय तो."

दुसऱ्या दिवशी मी शहरात केबली आणायला गेलो.

पहिल्या दुकानातल्या पोराने विचारलं, "चेतक म्हणजे इलेक्ट्रिक ना? तिला क्लच नसतो अंकल." जुनी चेतक १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन आली आणि नवी २०२० साली त्याच नावाने विजेवर धावू लागली, हा मधला इतिहास त्याच्या जन्मपत्रिकेत बसत नव्हता. दुसऱ्या दुकानात नुसतं हसले. तिसऱ्या दुकानातला म्हातारा मालक उठला, स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेली गुंडाळी काढून म्हणाला, "पूर्ण सेट घ्या. एकटी क्लचची बदलली तर बाकीच्या महिनाभरात रुसतात." सासरी एका सुनेला शालू घेतला की बाकीच्यांनाही घ्यावाच लागतो, तसलाच हा प्रकार.

बिडकीनला मिस्त्रीने लिंबाखाली स्कूटर आडवी केली मात्र, गर्दी जमली. चारचाकी उघडली तर कोणी ढुंकून पाहत नाही. चेतक उघडली की पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस थांबतो, कारण प्रत्येकाची एक होती. जिची नव्हती त्याची लँब्रेटा होती. सल्ल्यांना सुरुवात झाली. एक म्हणाला, नुसतं ऑईल सोडा. दुसरा म्हणाला, ऑईलने धूळ धरते. तिसऱ्याने स्कूटर डावीकडे कलती करून मग किक मारावी असं सांगितलं. तो उपाय चेतकच्या कुठल्याही दुखण्यावर सांगायची पद्धत आहे, इथे इंजिन चालू करायचंच नव्हतं तरी त्याने सांगितला.

केबलीचं तत्त्व मोठं गमतीचं आहे. आत तारांचा पीळ, बाहेर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी नळी. नळीने जागचं हलायचं नाही आणि तारेने आतल्या आत सरकायचं. म्हणून वाट कितीही वाकडी असली तरी ओढ शेवटपर्यंत पोहोचते. अर्नेस्ट बाऊडन नावाच्या माणसाने १८९६ साली याचं पेटंट घेतलं. सरकारी कारभाराचं तत्त्वही हेच. वर हँडल ओढलं की खाली हलायला जरा वेळ जातो. त्या मधल्या मोकळ्या जागेला मिस्त्री 'प्ले' म्हणतात, सरकार 'कार्यवाही चालू आहे' म्हणतं. क्लचला दोन-तीन मिलिमीटर प्ले हवाच म्हणतात. सरकारचा मोजायला तेवढी लांब पट्टी मिळत नाही.

मिस्त्रीने खालचा नट सैल करून जुनी तार वरून ओढून काढली. दांड्याजवळच्या शिशाच्या गोळीपाशी निम्म्या तारा तुटून झाडूसारख्या पिंजारल्या होत्या. उरलेल्या निम्म्या सगळा भार ओढत होत्या. नळीत गंज. चाळीस उन्हाळे-पावसाळे खाल्ल्यावर आणखी काय होणार? मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, एवढे दिवस ही ओढली कशी तुम्ही?"

अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची टाकून बसले होते, जरा पुढे सरकले.

जुनी नळी काढायची युक्ती पाहण्यासारखी असते. तिच्या शेपटीला नवीचं तोंड बांधायचं आणि जुनी ओढत ओढत नवी आत न्यायची. वाट जुनीलाच ठाऊक असते. गिअरच्या दोघींपैकी एकीला मिस्त्रीने लाल दोरा बांधला, कारण एक वर ओढते, दुसरी खाली. दोघींची अदलाबदल झाली की मूठ उलटी चालते.

एवढ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे एक जुनी एम.जी.बी. आहे. इंग्लंडात १९८० सालापर्यंत निघत असलेली, डोक्यावर कापडी छप्पर असलेली स्पोर्ट्स कार. तीही वयाने थकलेली, त्यामुळे तोही तिकडे अॅक्सिलरेटरची आणि चोकची केबल बदलत होता. तीन शनिवार झाले म्हणाला.

"किती माणसं बसतात?" अण्णांनी विचारलं.

"दोन."

"दोनच? आम्ही नाथषष्ठीला पैठणला पाच जण जायचो." अण्णांनी फोन मिस्त्रीपुढे धरला. मिस्त्रीने भाच्याला एकच सल्ला दिला : ग्रीस तार आत घालतानाच लावा, मागून लावलेलं आत जात नाही. भाच्याने तो लिहून घेतला.

गर्दीतला एक जण म्हणाला, "गुरुजी, आता आपल्या बिडकीनलाच मोटारींचा कारखाना येणार. टोयोटाने २०२४ सालीच जाहीर केलंय. त्या गाड्यांत पाय वर दाबला की निरोप वायरीतून जातो, केबलच नसते."

"मग तुटलंय काय ते कळतं कसं?" अण्णांनी विचारलं. गर्दी यावर बराच वेळ चर्चा करीत राहिली.

तीन तासांनी मिस्त्रीने मागचं चाक हाताने फिरवत, मूठ इकडे-तिकडे करत न्यूट्रल बरोबर खुणेवर आणला, तारेची वाढीव टोकं कापली आणि हँडल अण्णांपुढे केलं. अण्णांनी क्लच धरला. सगळी ताकद लावायची म्हणून ओठ घट्ट मिटले आणि दाबला. दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, इतका की अण्णांचा तोल जायची वेळ आली. त्यांनी तो सोडला. पुन्हा दाबला. मग दोनच बोटांनी दाबला. मग हात हँडलवरून काढून उलटासुलटा करून पाहिला, आणि चष्मा पुसायला लागले.

घरी अटी घातल्या. शाळेपर्यंत आणि मळ्यापर्यंत. हायवे नाही. अंधार पडायच्या आत घरी. हेल्मेट, उपरणं नाही. अण्णांनी प्रत्येक अटीला मान डोलावली. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, ऐकल्यासारखं दाखवत न ऐकण्याचे सगळे प्रकार त्याने समोरून पाहिलेले. आम्हाला सारं कळत होतं. तरी ही आत गेली आणि खुंटीवरची किल्ली आणून त्यांच्या हातात दिली.

जुन्या केबली मिस्त्री भंगारात टाकणार होता, त्या अण्णांनी मागून घेतल्या. क्लचची केबल मागच्या अंगणात दोन खिळ्यांच्या मध्ये ताणून बांधली आहे. लांबी बेताची, एक पंचा कसाबसा मावतो. तो हल्ली कडक पिळलेला असतो, पण केबलीचा गंज लागून त्याला तांबडे डाग पडतात, त्यावरून ही रोज कुरकुरते.